नाथसागराच्या काठी घरचं भाज्यांचं सूप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याला समुद्र नाही. नजर जाईल तिथपर्यंत पाणी बघायचं तर आम्ही पैठण गाठतो. हिवाळ्यात एखाद्या रविवारी सासूबाई, दीर, जाऊबाई आणि चार पोरं असं सगळं घर पहाटेच संभाजीनगरहून निघतं. ५० किलोमीटर गाडी, मग नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठाने दोन-अडीच तास पायी, आणि शेवटी चादर अंथरून सूप. फोटो टाकले की नात्यातले, कॉलनीतले, पोरांच्या वर्गातल्या आया सगळे तेच तेच विचारतात. दरवेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते आहे.

१. सहलीला सूप कशाला? चहा-पोहे बास की.

बास आहेत, पण पोहे गार झाले की घशाखाली उतरत नाहीत आणि चहाने पोट भरत नाही. जानेवारीत सकाळी नऊला पाण्यावरून वारा येतो तेव्हा हातात काहीतरी गरम आणि पोटात काहीतरी जड असं दोन्ही हवं असतं. शिवाय ताटात बाजूला सारलेला भोपळा पोरं कपातून मुकाट पितात. चहाही न्या, पण वेगळ्या थर्मासात. एकदा सूप भरलेल्या थर्मासातल्या चहाला लसणाचा वास येतो तो येतोच.

२. माणशी किती सूप धरायचं?

माणशी २०० मिली, चालून आलेल्या मोठ्या माणसाला २५०. सहा जणांना दीड लिटर पुरतं. दीड लिटरचा एक थर्मास घेण्यापेक्षा पाऊण-पाऊण लिटरचे दोन घ्या. पहिला रिकामा होईपर्यंत दुसऱ्याचं झाकण उघडत नाही आणि त्यातलं सूप गरम राहतं.

३. न चुकणारी एकच कृती सांगा.

आधी एक गोष्ट. घरी टेबलावरचं सूप आणि काठावरचं सूप वेगळं. काठावर ते एका हाताने, चमच्याशिवाय, बहुतेक वेळा उभ्यानेच प्यायचं असतं. त्यामुळे घशात अडकेल असं काही त्यात नको आणि चार-पाच तासांत बिघडेल असंही काही नको. माझ्या कृतीत जे आहे आणि जे नाही, ते एवढ्यासाठीच.

सहा जणांसाठी: लाल भोपळा (कुणी डांगर म्हणतं, कुणी काशीफळ) ४०० ग्रॅम, २ गाजरं, ३ पिकलेले टोमॅटो, १ कांदा, लसणाच्या ४-५ पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, ३ चमचे मूगडाळ, ७-८ मिरे, अर्धा चमचा जिरं, २ चमचे तूप, १ लिटर पाणी.

कुकरमध्ये तुपात जिरं-मिरे तडतडू द्या. कांदा, लसूण, आलं परता. कांदा गुलाबी झाला की भोपळा, गाजर, धुतलेली डाळ आणि पाणी घालून तीन शिट्ट्या करा. टोमॅटो शेजारच्या कढईत वेगळे परता, कुकरमध्ये टाकू नका. आंबटात डाळ आणि गाजर मऊ व्हायला वेळ घेतात. सगळं निवलं की मिक्सरमधून काढा (निवल्याशिवाय का नाही, ते प्रश्न १० मध्ये) आणि चाळणीतून गाळा. गाळायचा कंटाळा करू नका. टोमॅटोची साल आणि मिऱ्याचा तुकडा कपातून थेट घशात जातो आणि मग सगळं घर पाठीवर थापट्या मारत बसतं. गाळलेलं सूप परत गॅसवर ठेवा, मीठ घाला आणि पाच मिनिटं खळखळून उकळा. लिंबू, कोथिंबीर घालू नका, ती सोबत न्या आणि कपात घाला.

डिसेंबर-जानेवारीत बाजारात मटार आणि तुरीचे ओले सोले असतात. मूठभर जरूर घाला, पण वाटून. अख्खे दाणे तळाशी बसतात आणि शेवटच्या कपात नुसतीच उसळ येते. आमच्याकडे तो कप नेहमी दिराच्या वाट्याला येतो.

४. कॉर्नफ्लावर न घालता सूप घट्ट कसं करायचं?

वरच्या कृतीत भोपळा आणि डाळ आहे, वेगळं काही लागत नाही. टोमॅटोचं किंवा दुधीचं पातळ सूप असेल तर दोन चमचे ज्वारीचं पीठ तुपात खमंग भाजा, गार पाण्यात कालवा आणि उकळत्या सुपात सोडा.

माझं खरं प्रेम मात्र येसरावर आहे. लग्नाकार्यात येसराची आमटी खाल्लेल्यांना सांगायला नको. धान्य, डाळ आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ घरात असेल तर चमचाभर सुपात घाला. घट्टपणा येतो, चव येते आणि मिरे-आलं कमी घातलं तरी चालतं. येसरात तिखट असतं, म्हणून पोरांच्या थर्मासात अर्धाच चमचा. बाहेरचे पाहुणे ‘कुठलं पाकीट आणलं?’ असं विचारतात तेव्हा सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा असतो.

५. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजतच नाही, सूप दाणेदार होतंय. काय करावं?

मराठवाड्यात ही घरोघरीची तक्रार आहे. बोअरच्या जड पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम, डाळीच्या आणि भाजीच्या पेशींना धरून ठेवतात, त्यामुळे त्या मऊ होत नाहीत. सुपापुरतं दीड लिटर पाणी फिल्टरचं किंवा नळाचं घ्या. तेही नसेल तर मूगडाळ तासभर भिजवा आणि एक शिट्टी वाढवा. चिमूटभर खायच्या सोड्याने डाळ झटकन शिजते हे खरं, पण सोड्याने ब-१ जीवनसत्त्व जातं आणि जास्त पडला तर सुपाला साबणासारखी चव येते. मी घालत नाही.

६. थर्मासमध्ये सूप किती वेळ टिकतं? आमचं दोन तासांत कोमट होतंय.

थर्मास बरा असेल तर चूक भरण्यात आहे. थर्मास स्वतः गरम करत नाही, दिलेली उष्णता फक्त धरून ठेवतो. थंडगार स्टीलमध्ये सूप ओतलं की पहिली उष्णता ते स्टीलच खातं. म्हणून आधी उकळतं पाणी भरून, झाकण लावून दहा मिनिटं ठेवा. तोवर गॅसवर सूप उकळत असू द्या. पाणी ओतून टाका आणि लगेच उकळतं सूप झाकण बसेल एवढी जागा सोडून काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर गार होतो.

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. सुरुवात तिथून होते. सूप पिईपर्यंत ते ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे, कारण त्याखाली जिवाणू वाढायला लागतात. थर्मामीटर नसेल तर ओठाने ओळखा: फुंकर मारावी लागली तर ठीक, पहिलाच मोठा घोट न फुंकता घेता आला तर सूप खाली उतरलंय. ते तेव्हाच पिऊन संपवा, ‘घरी जाऊन पिऊ’ म्हणू नका.

नवीन थर्मास असेल तर सहलीआधी घरी एकदा उकळत्या पाण्याने परीक्षा घ्या. सकाळी सातला भरा, बाराला उघडा. डब्यावर काय छापलंय त्यापेक्षा ही परीक्षा खरी.

७. आदल्या रात्री करून ठेवलं तर चालतंय का? पहाटे कोण उठणार.

चालतंय, पण फ्रिजमध्ये. रात्री शिजवून, वाटून, गाळून दोन पसरट भांड्यांत काढा म्हणजे लवकर निवेल, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. अख्खा गरम कुकर फ्रिजमध्ये ढकलू नका, तो मधून तासन् तास कोमट राहतो. पहाटे सूप खळखळून उकळा आणि प्रश्न ६ प्रमाणे भरा.

‘जानेवारीत काय, ओट्यावर राहतंय की’ हे बरेच जण म्हणतात. बाहेर पारा १० अंशांवर असला तरी बंद स्वयंपाकघर तेवढं गार नसतं. उकळूनही काही जिवाणूंचे बीजाणू टिकतात आणि कोमट सुपात रात्रभर वाढतात. आणि रात्रीच थर्मासात भरून सकाळी न्यायचं असेल तर नाहीच.

८. निघताना बरोबर असतं, काठावर पोचेपर्यंत सूप घट्ट व्हायलंय.

डाळ, बटाटा, ज्वारी, येसर सगळं गरम थर्मासात पाणी ओढतच राहतं. घरी सूप कढीएवढं पातळ ठेवा, तिथे पोचेपर्यंत ते बरोबर होतं. आणि एका छोट्या थर्मासात अर्धा लिटर उकळतं पाणी न्या. सूप सारखं करायला, कप विसळायला, सासूबाईंच्या सुंठीच्या काढ्याला, कशालाही लागतं.

९. पालकाचं सूप हिरवंगार केलं होतं, उघडलं तर खाकी. खराब झालं का?

खराब झालं नव्हतं, फक्त रंग गेला. पानातल्या हिरव्या रंगद्रव्यात मॅग्नेशियम असतं; उष्णता आणि आंबटपणा मिळून ते बाहेर काढतात आणि रंग शेवाळी होतो. थर्मासात चार तास उष्णता, त्यात टोमॅटो, म्हणजे रंगाला जागाच उरत नाही. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने पालक सूप नेलं. धाकट्या पुतणीने कपात पाहिलं, मग नाथसागराच्या काठाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘काकू, तिथलंच भरलंस का?’ कुणी प्यायलं नाही. तेव्हापासून काठावर भोपळा आणि गाजर, पालक घरी.

१०. मिक्सरचं झाकण उडून भिंत रंगली. असं का होतं?

गरम सुपाची वाफ बंद भांड्यात एकदम पसरते आणि झाकणाला वर ढकलते. सूप कोमट होऊ द्या, भांडं अर्धंच भरा. घाई असेल तर झाकणाची मधली टोपी काढून वर दुमडलेलं फडकं धरा. भाजलं तर भाजलेला भाग दहा-वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका.

११. सुपासोबत काय न्यावं?

धपाटे. गार झाले तरी मऊ राहतात, तेल सुटून हात बरबटत नाहीत आणि सोबत दही-चटणी मागत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे कडक भाकरी. धाराशिवकडच्या आत्याबाईंकडून येते, पापडासारखी. ती हाताने मोडून कपात टाकली की काही क्षण कुरकुरीत राहते, मग सूप शोषते आणि तळाशी लापशीसारखी होते. तो तळ बोटाने पुसून खायचा. हॉटेलातले तळलेले पावाचे तुकडे त्यापुढे फिके वाटतात. हुरड्याचा हंगाम असेल तर पोटात जागा ठेवा, परतीच्या वाटेवर शेतात आगटी लागलेली दिसतेच.

१२. नाथसागरावर नेमकं कुठे बसायचं? चूल मांडून तिथेच सूप करता येईल का?

चूल नको. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने आग पेटवायला मनाई करतो. वाळलेल्या गवतात वाऱ्याच्या दिवशी कुठली आग धोक्याची नसते, हे तुम्हीच सांगा.

बसायची जागा निवडताना या पाण्याचा स्वभाव लक्षात घ्या. धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. भिंत मातीची, सुमारे १० किलोमीटर लांब. मागे साठलेलं पाणी खोल कमी आणि पसरट जास्त. त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ कितीतरी दूर सरकतो आणि मध्ये गाळाची जमीन उघडी पडते. लोक तिथे गाळपेर करतात. वरून भेगा पडलेला हा गाळ कोरडा दिसतो, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. आमच्या दिराची एक चप्पल अजून तिथेच आहे. म्हणून जिथे जुनं गवत किंवा मुरूम आहे तिथेच चादर टाका, पोरांना पाण्याकडे एकटं सोडू नका आणि कुणाच्या पेरणीवर बसू नका.

हिवाळ्यात रोहित, चक्रवाक, थापट्या बदकं दिसतात. त्यांना धपाटे टाकायचे नाहीत. दुर्बीण आणा, आवाज कमी ठेवा.

१३. एकादशीला जायचंय, उपवासाचं सूप होईल का?

होतं, आणि छान होतं. लाल भोपळा आणि रताळं जिऱ्याच्या फोडणीत तुपावर परतून शिजवा, वाटा, दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट आणि सैंधव घाला. घट्टपणा हवा असेल तर राजगिऱ्याचं पीठ. आल्याचा रस चालतो का, कोथिंबीर चालते का, हे घराघरावर आहे. माझ्या माहेरी भोपळा चालत नाही, सासरी चालतो. घरातल्या मोठ्यांना विचारा. कूट घातलेलं सूप लवकर आळतं, म्हणून प्रश्न ८ मधलं गरम पाणी विसरू नका.

१४. सोबत जैन कुटुंब आहे. कांदा-लसूण काढला की झालं ना?

नाही झालं. गाजर, बटाटा, रताळं, बीट, ओलं आलं ही सगळी जमिनीखालची, तीही जातात. भोपळा, टोमॅटो, मटार, मूगडाळ, मिरे, जिरं आणि सुंठ यावर उत्तम सूप होतं. पानकोबी-फुलकोबीही बरेच जण टाळतात, विचारून घ्या. त्यांच्यासाठी थर्मासही असा द्या ज्यात लसणाचं सूप कधी भरलेलं नाही. पर्युषण किंवा चातुर्मासाचे दिवस असतील तर हा बेतच न करता त्यांना काय चालतं ते त्यांनाच ठरवू द्या.

१५. लहान बाळ आणि बीपीचे आजोबा, दोघांना एकच सूप कसं द्यायचं?

मीठ घालण्याआधी दोघांचं सूप वेगळं काढून घ्या. सहा महिने पूर्ण होऊन वरचं खाणं सुरू झालेल्या बाळाला बिनमिठाचं, बिनमिऱ्याचं. वर्षाच्या आत वरून मीठ घालायचं नाही. आजोबांच्या सुपात डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच मीठ, चव लिंबाने आणा. बाळ सोबत असेल तर अख्खा कुकरच मिऱ्यांशिवाय लावा आणि बाकीच्यांसाठी मिरपूड वेगळी न्या. शुगर असलेल्यांच्या सुपात बटाटा-रताळं टाळा. प्रत्येक थर्मासला चिकटपट्टी लावून नाव लिहा. एकदा अदलाबदल झाली की कुणालाच कळत नाही.

१६. दुधी थोडा कडवट लागला. शिजवल्यावर, गूळ-लिंबू घालून चालेल?

अजिबात नाही. या पानावर बाकी कुठे मोडतोड केलीत तरी हरकत नाही, इथे नको. कडवटपणा कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो आणि ती शिजवून जात नाहीत. दुधी चिरला की कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि अख्खा दुधी फेका. हीच रीत लाल भोपळा, दोडका, काकडीला. कुणी चुकून प्यायलं आणि उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा.

१७. थर्मासला लसणाचा वास राहिलाय. आणि काचेचा जुना थर्मास चालेल का?

वास स्टीलला नसतो, झाकणाच्या रबरी वॉशरला असतो. वॉशर काढून खायच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवा आणि उन्हात वाळवा. तरीही गेला नाही तर वॉशर बदला.

काचेचा थर्मास उष्णता छान धरतो, पण गावाकडच्या रस्त्यावर नेऊ नका. उघडण्याआधी कानाशी धरून हलकेच हलवा. किणकिण आली तर आत काच फुटली आहे. सूप गाळून प्यायचा विचारही करू नका, सगळं टाकून द्या.

१८. थर्मास गाडीतच राहिला, दोन दिवसांनी सापडला. कसा उघडू?

तोंड लांब ठेवून, मोरीत, हळूहळू. आंबलेल्या सुपात वायू तयार होतो आणि बंद थर्मासात त्याला वाट नसते. आमचा एकदा डिकीत राहिला होता. मी ओट्यावर झाकण फिरवलं, टप्पकन आवाज झाला आणि झाकण वरच्या फळीवरच्या डब्यांत जाऊन पडलं. भोपळ्याचे शिंतोडे कॅलेंडरवर होते. आधी थर्मास गार होऊ द्या, वर जाड टॉवेल टाका, झाकण पाव वळसा फिरवून थांबा आणि फुसफुस संपू द्या. आतलं सरळ टाकायचं, ‘वास तर ठीक आहे’ म्हणून उकळायचं नाही.

१९. आम्ही लातूरहून खरंच समुद्रावर जायलोत, किनाऱ्याने चालायचंय. इथूनच सूप नेऊ का?

नको. घाट उतरून कोकणात पोचायला अख्खा दिवस जातो, थर्मास तेवढा वेळ पुरत नाही. इथून कोरडं सामान न्या: येसर किंवा भाजलेलं ज्वारीचं पीठ, मूगडाळ, मिरपूड-जिरेपूड, कडक भाकरी. जिथे उतराल तिथल्या मावशींना सकाळी गॅस मागा. भाजी त्यांच्याकडेच मिळेल. कडक भाकरी मात्र घट्ट डब्यात ठेवा, तिथल्या दमट हवेत ती उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत वातड होते.

नाथसागराचा हिशेब तिथे लावू नका. डिसेंबरातही कोकणात दुपारी घाम येतो, गरम सूप कुणी मागणार नाही. सकाळी लवकर किंवा सूर्य कलताना प्या. आणि आपल्या तलावाचा काठ सकाळी होता तिथेच संध्याकाळी असतो, समुद्राचा नसतो. भरती दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने येते आणि रोज जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते. काल अकराला जिथे चादर टाकली तिथेच आज अकराला कोरडं असेल असं नाही. खडकांना वळसा घालून जायचं असेल तर निघण्याआधी गावातल्या कुणा मच्छीमाराला ओहोटी किती वाजता ते विचारा, आणि परत यायची वेळ त्यावरून ठरवा. सूप खडकापलीकडे नको, अलीकडेच प्या.